गावभाग गाणं सोडणार म्हणे

"अहो, बाहेर एमसी गावभाग उभा आहे," नलिनी लगबगीनं आत येऊन म्हणाली. "आपल्या दारात. चपला काढतोय."

मी खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसलो होतो. बनियनवर होतो. मला आधी वाटलं, ही थट्टा करतेय. त्या आठवड्यात सांगलीत दुसरा विषयच नव्हता. आमच्या गावभागातल्या बोळातून निघून पुण्या-मुंबईत नाव काढलेला हा रॅपर स्टेज सोडणार, अशी आवई उठली होती. शनिवारी स्टेडियमवर त्याचा कार्यक्रम होता आणि तोच शेवटचा, असं जो तो सांगत होता. कारण मात्र प्रत्येकाचं वेगळं. दूधवाल्याच्या मते त्याच्या घशात गाठ निघाली होती. शेजारचे बापट म्हणत होते की त्याला आमदारकीचं तिकीट मिळतंय, आतली बातमी आहे. नलिनीच्या भजनी मंडळात तर तो दीक्षा घेऊन मुनी होणार, हे ठरूनच गेलं होतं. तो जैन होता आणि त्यानं नुकतेच केस बारीक केले होते, एवढा पुरावा त्यांना पुरला.

"पोहे टाकू की शिरा करू?" नलिनी म्हणाली.

"तू आधी शांत हो."

"तुम्ही आधी शर्ट घाला."

मी शर्टाची बटणं लावत बाहेर आलो तर तो हातात हेल्मेट धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसला होता. नलिनीच्या फोनवर मी त्याला पाहिलं होतं, गळ्यात साखळ्या, हातवारे, पाठीमागे धूर. इथं साधा सुती सदरा होता. मला पाहून उठला आणि पायांना हात लावायला वाकला.

"ओळखलं का काका? मी मगदूमबाईंचा अभि. अभिनंदन."

आता या गोष्टीला नऊ-दहा वर्षं झाली. ती लिहावी की नाही याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. मला गोष्टी लिहिण्याची सवय नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासण्यातच माझी हयात गेली. पण ही मला सोडून आता कोणाला नीट ठाऊक असेल असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

मी इथल्याच एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. मगदूमबाई माझ्या कॉपी होल्डर. आजच्या वाचकाला हे काम सांगावं लागेल. लेखकाचा मूळ मजकूर बाईंच्या हातात असायचा आणि छापून आलेलं प्रूफ माझ्यापुढे. बाई मूळ मजकूर मोठ्यानं वाचायच्या, मी प्रूफावर पेन्सिल फिरवत ऐकायचो. वाचायचं ते एका सुरात, भरभर, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. लग्नाची जाहिरात, नगरपालिकेची निविदा, कोणाचा मृत्यू, सगळं एकाच चालीत. मला कुठं फरक दिसला की मी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टेबलावर एकदाच टक करायचो. बाई थांबायच्या आणि तेच वाक्य पुन्हा वाचायच्या. दुरुस्ती झाली की मी दोनदा वाजवायचो. म्हणजे चला पुढे. दुपारभर आम्ही दोघं एवढंच बोलत असू.

अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. अर्थात गुंतलं की चूक निसटते. एकदा आमच्या दैनिकाच्या मालकांच्या निधनाची बातमी आम्ही दोघांनी चोख तपासून आत पाठवली, आणि बाहेर सगळी मंडळी माना खाली घालून उभी दिसली तेव्हा "काय झालं हो?" असं मीच विचारलं होतं. बाईंनाही पत्ता नव्हता.

दुसरा नियम लेखकाच्या मानाचा. छपाईची चूक असेल तर आम्ही दुरुस्त करायची. पण लेखकाचं म्हणणंच खटकलं तर त्याला हात लावायचा नाही. शब्दाखाली रेघ ओढायची, समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि ते त्याच्याकडे पाठवायचं. उत्तर त्यानं द्यायचं. ते येईपर्यंत मजकूर छपाईला जायचा नाही.

मला हे काम मानवलं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. माझा आवाज लहानपणापासून बारीक. चार माणसांत तोंड उघडलं की घसा सुकतो. बाईंचा आवाज मात्र खणखणीत होता. नवरा गेल्यावर मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर त्या आल्या होत्या, आणि महिन्याभरात त्यांच्या वाचण्याचा वेग असा झाला की माझ्या पेन्सिलीची दमछाक व्हायची.

"आई कशी आहे?" मी अभिनंदनला विचारलं. दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आल्याचं माझ्या कानावर आलं होतं. भेटायला जायचं मनात होतं, पण जाऊन काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

"उजवी बाजू गेलीय. वाचा गेली. कळतं सगळं. डावा हात चालतो." तो थांबला. "काका, एक काम होतं. तुमच्याशिवाय कुणाला सांगता येईना."

नलिनीनं पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली आणि तिथंच ठाण मांडून बसली.

"लोकं म्हणतात मी इतकं भरभर कसं बोलतो," तो म्हणाला. "अमेरिकेचं ऐकून शिकलो म्हणतात. मी कशाचं अमेरिकेचं ऐकतोय! आई रोज घरी येऊन सराव करायची. मी अंगाई ऐकलीच नाही काका, नगरपालिकेच्या निविदा ऐकत झोपलोय."

नलिनी खुदकन हसली.

"माझं प्रत्येक गाणं आधी आई वाचायची. तुमच्या खात्यात वाचायची तसं. भावना नाही, काही नाही, नुसते शब्द. मी ऐकायचो. तिची जीभ जिथं अडखळली तिथं गाण्यात खडा आहे असं समजायचं. तसं तपासल्याशिवाय एक ओळ मी बाहेर काढली नाही कधी. दिवाळीपासनं सगळं बंद आहे." त्यानं सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "शनिवारसाठी एक लिहिलंय. नवीन. तिला ऐकवायचंय. तुम्ही वाचाल का?"

"मी?" मी विचारलं. "अरे, मी ऐकणारा. वाचणारी तुझी आई. तू स्वतः वाच की. हजारो माणसांपुढे बोलणारा तू."

"हजारोंपुढं जमतंय. तिच्यापुढं हे नाही जमत."

"पण माझा आवाज..."

"आवाज नकोच आहे काका. ती चाल हवीय. तिला ती ओळखू येईल. आणि तुम्ही अर्थाकडं लक्ष देत नाही, तेही बरं आहे."

मी काहीतरी सबब शोधत होतो. डोळ्यांचा नंबर वाढलाय, असं म्हणणार होतो. तेवढ्यात नलिनी म्हणाली, "येतील. हे येतील. आत्ताच घेऊन जा, नाहीतर यांना रात्रभर विचार करायला मिळेल." मग तिला राहवेना. "अरे पण अभि, तू खरंच सोडतोयस का रे?"

"शनिवारी कळेल की काकू."

"म्हणजे सोडतोयस!"

तो हसला, पण डोळ्यांनी नाही. हेल्मेट डोक्यात घालून, काच खाली ओढून मगच तो बाहेर पडला. मी त्याच्या स्कूटरवर मागे बसलो. रस्त्यात त्याच्याच फोटोचे फलक लागले होते आणि एकाखाली कोणीतरी खडूनं लिहिलं होतं, सोडू नको भावा. तो सिग्नलला त्याच फलकाखाली उभा राहिला. कोणी ओळखलं नाही. मी मात्र मनातल्या मनात स्वल्पविराम, पूर्णविराम घोकत होतो.

बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. मी त्यांना धिप्पाड म्हणून लक्षात ठेवलं होतं. त्या आता लहान झाल्या होत्या. चेहऱ्याची एक बाजू जरा उतरलेली. मला पाहून त्यांनी डाव्या हातानं पदर सारखा केला. मग त्यांची नजर माझ्या शर्टाच्या खिशावर गेली. तिथं पेन्सिल होती. निवृत्त झालो तरी ती सवय सुटली नव्हती. मी ती काढून त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती बोटांत फिरवली, टोक बघितलं.

"आई, तांबवेकरकाका वाचणार आहेत," अभिनंदन म्हणाला. त्यानं मधे टेबल ओढलं, गाण्याची एक प्रत बाईंपुढे ठेवली, एक मला दिली आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

मी वाचायला लागलो. पहिला शब्द तोंडातल्या तोंडातच राहिला.

टक.

मी पुन्हा सुरुवात केली. माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

टक.

"मोठ्यानं म्हणतेय," अभिनंदन दारातून म्हणाला.

"कळलं," मी म्हणालो. कान तापले. मी डोळे कागदावरून हलवायचे नाहीत असं ठरवलं आणि बाई कशा वाचायच्या ते आठवलं. खांदे पडलेले, मान ताठ, श्वास पूर्णविरामाला. तसा बसलो. आणि आवाज निघाला. फार चांगला नाही, पण निघाला.

"हळदीच्या पोत्यावर बसून शिकलो स्वल्पविराम बोळाबोळांत भांडून टिकलो पूर्णविराम टाळ्या तुमच्या स्वल्पविराम शब्द तिचे स्वल्पविराम मधे मी नुसता भोंगा पूर्णविराम"

टक टक.

चला पुढे. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी ती टकटक करत होतो, माझ्यासाठी ती कोणी केली नव्हती. मग मला वेग सापडला. ओळीमागून ओळ जात होती. कृष्णेचा पूर आला, शाळेतलं भांडण आलं, पहिला माईक आला. हे मी आज आठवून लिहितो आहे. तेव्हा माझ्यापुढे नुसते काने, मात्रा आणि वेलांट्या होत्या. बाईंची पेन्सिल त्यांच्या प्रतीवर ओळीखालून सरकत होती, डाव्या हातानं जरा वाकडी, पण माझ्या बरोबरीनं. एका ठिकाणी मी एक शब्द गाळला, तिथं टक झालं. मी तो घेतला. टक टक. आम्ही पुन्हा कामावर होतो. मी खुशीत होतो, हे कबूल केलं पाहिजे. शेवटचं कडवं तर मी जवळजवळ बाईंच्या वेगानं घेतलं.

"घ्या हा माईक स्वल्पविराम गुंडाळा वायर पूर्णविराम जिच्या श्वासावर बोललो स्वल्पविराम ती गप्प झाली स्वल्पविराम म्हणून मीही गप्प पूर्णविराम"

टक.

मी ओळ पुन्हा वाचली.

टक.

मी चष्मा वर सरकवून कागद जवळ धरला. अनुस्वार बघितला, ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. काही चूक नव्हती. वाकून त्यांची प्रत बघितली. तीही तशीच. पूर्वी असं झालं की बाई जे म्हणायच्या तेच मी म्हणालो.

"कॉपीत असंच आहे, बाई."

त्यांनी मान हलवली. ते त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी पेन्सिल सरळ केली आणि एका शब्दाखाली रेघ ओढली. 'म्हणून'. त्यासमोर समासात एक प्रश्नचिन्ह काढलं. पोट फुगलेलं, मोडकं, पण प्रश्नचिन्हच. खालचा ठिपका द्यायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"लेखकाला शंका," मी सवयीनं म्हणालो, आणि लेखकाकडे पाहिलं.

तो आमच्याकडे पाठ करून उभा होता. कपाळ दाराच्या चौकटीला टेकलेलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय वाचलं आहे. सगळी सांगली आठवडाभर जे विचारत होती त्याचं उत्तर मी स्वल्पविरामांसकट खणखणीत वाचून टाकलं होतं, त्याच्या आईच्या तोंडावर, आणि वेग चांगला लागला म्हणून खूश होतो. आणि त्याला ते तिच्यापुढे का वाचता येत नव्हतं तेही कळलं. उठून जावं असं वाटलं, पण उठायचं कसं ते कळेना.

अभिनंदन टेबलापाशी आला. त्यानं बाईंची प्रत उचलली आणि त्या खुणेकडे पाहिलं.

"यात शंका कसली आई? तू इथं अशी बसलेली असणार आणि मी तिकडं उड्या मारू?"

बाईंनी पेन्सिलीचं टोक त्या प्रश्नचिन्हावर ठेवलं.

"तुझ्याजवळ कुणी नको का?"

टोक तिथंच.

"आणि तुझ्याशिवाय मला येतं कुठं? कोण वाचणार? कोण सांगणार खडा कुठं आहे?" त्याचा आवाज चढला. "सांग ना. बोल ना काहीतरी!"

हे तोंडातून गेल्यावर तो एकदम गप्प झाला. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. बाईंची नजर त्याच्यावरून हलली नाही. त्या रागावल्या नव्हत्या. प्रूफात घोळ झाला की मी कधी कधी हैराण व्हायचो, तेव्हा माझ्याकडे पाहायच्या तशा पाहत होत्या. होईल, सावकाश बघा, असं.

तो खुर्चीत बसला. बाहीनं तोंड पुसलं.

"काका, तुमच्यात याला काय करतात? या खुणेला?"

"लेखकानं उत्तर लिहायचं," मी म्हणालो. माझा आवाज पुन्हा बारीक झाला होता. "आहे ते ठीक आहे म्हणून लिहायचं, नाहीतर बदलायचं."

"आणि काहीच लिहिलं नाही तर?"

"तर मजकूर पडून राहतो. छपाईला जात नाही."

"किती दिवस?"

"कितीही दिवस. आमच्याकडे एक लेख संपादक बदलेपर्यंत पडून होता."

तो जरासा हसला. आईकडे बघून नव्हे, कागदाकडे बघून. मग त्यानं कागदाची घडी घातली.

टक टक.

चला पुढे. मी घाईनं माझी प्रत उचलली, उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"बाई, मजकूर संपला," मी म्हणालो.

टक टक.

मी वर पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

तो मला परत सोडायला आला. दारात म्हणाला, "गुरुवारी याल का काका? काहीतरी वाचायला. पेपर वाचा, काहीही वाचा. तिला आवडलं." मी "बघतो" म्हणालो. माझ्याकडून त्याहून धीट शब्द निघत नाही. पण गेलो. नंतर जातच राहिलो, बाई होत्या तोवर. निविदा वाचायच्या असल्या की त्या विशेष खुलायच्या.

घरात पाऊल ठेवताच नलिनीनं मला गाठलं.

"काय म्हणाला? सोडतोय का?"

"मी नुसतं वाचलं."

"मग काय होतं त्यात?"

"तुला माहीत आहे, मी अर्थाकडे लक्ष देत नाही."

"चाळीस वर्षं बघतेय," ती म्हणाली आणि रागारागानं पोह्यांची बशी उचलून नेली.

शनिवारी मी स्टेडियमवर गेलो नाही. गर्दीचं मला भय वाटतं, आणि खरं सांगायचं तर तो काय करील ते बघण्याचंही वाटत होतं. वाचताना आवाज जरा कमी लागला असता तर, एखाद्या शब्दावर मी थांबलो असतो तर, असले विचार दिवसभर चालले होते. नलिनी भजनी मंडळाच्या बायकांबरोबर गेली. ती परतली तेव्हा मी पुस्तक छातीवर ठेवून झोपलो होतो. सकाळी चहाच्या वेळी तिनं सगळं सांगायला घेतलं. तिचा घसा बसला होता, ओरडून.

"सुरुवातीला आला आणि नुसता उभा राहिला. इतका वेळ की मला धडधडायला लागलं. पोरं ओरडतायत, सोडू नको भावा, सोडू नको भावा. हा आपला खिशाशी चाळा करतोय. आमच्या कुसुमताई म्हणाल्या, बघा, आता दीक्षा जाहीर करतोय."

"मग?"

"मग काही नाही. सोडतोय म्हणाला नाही, सोडत नाही असंही म्हणाला नाही. खिशातून पेन्सिल काढली. अहो, पेन्सिल! तुमच्या खिशात असते तसली. आणि माईकवर अशी वाजवली." तिनं चमच्यानं कपाच्या कडेवर टक टक केलं. "आणि त्यानंतर जो सुटलाय म्हणता! स्टाईल असेल नाही का ती काहीतरी नवीन?"

"दोनदाच वाजवली?" मी विचारलं.

"दोनदाच. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो. "पुढे सांग."